आखाजीनंतरचं लग्न, ४४ डिग्री ऊन आणि फुलांचं डेकोरेशन : कसं जमवावं?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. माझं लग्न आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पंधरा दिवसांनी आहे, म्हणजे ऐन मे महिन्यात, भुसावळजवळ आमच्या गावीच. हॉल नाही, घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव. गोरज मुहूर्त आहे, साडेसहाच्या आसपास. होणारा नवरा पुण्यात नोकरीला आहे, आम्ही दोघांनी सहा महिने पिंटरेस्टवर फोटो सेव्ह करून ठेवलेत, सगळे फिके रंग, हायड्रेंजिया, फिका गुलाबी गुलाब, पांढरी ऑर्किड, आणि एंट्रीला डोक्यावर फुलांची चादर. डेकोरेटरने १ लाख ८० हजार सांगितले आणि वर म्हणाला की मे महिन्यात फुलांची गॅरंटी नाही. आमचं फुलांचं बजेट ६० हजार आहे, त्याच्या वर एक रुपया बाबांना टाकायला लावायचा नाही असं मी ठरवलंय.

आई म्हणते झेंडू लाव, पिवळा-केशरी, झालं. मला झेंडू आवडत नाही असं नाही, पण आयुष्यात एकदा होणारी गोष्ट आहे, मला ती माझ्या मनासारखी सुंदर हवीय. आपल्याकडच्या उन्हात काय टिकतं, काय नाही, कुणी केलं असेल तर सांगा प्लीज. फोटोतलं जसंच्या तसं नको, पण त्याचा फील हवाय.

मेहरूण

माझ्या बहिणीचंपण मे मध्येच आहे, जळगावला. धागा वाचतेय, लिहा सगळ्यांनी.

धुळ्याची_फुलवाली

ताई, आधी अभिनंदन. धुळ्यात आमचं फुलांचं दुकान आहे, १९ वर्षं झाली, मे महिन्यातली लग्नं इतकी केलीत की सांगता येतील तेवढं सांगते.

हायड्रेंजिया डोक्यातून काढून टाका. ते फूल थंड हवेचं आहे, त्याची तहान प्रचंड, पाण्यात ठेवलं तरी आपल्या दुपारी तासाभरात मान टाकतं, आणि मांडवात ते पाण्याबाहेर खोचलेलं असणार. एका लग्नात मी स्वतः लावलंय, नवरीकडच्यांचा हट्ट होता, वरात येईपर्यंत त्याची उकडलेल्या कोबीसारखी गत झाली होती आणि त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी नाहीच म्हणते.

गुलाब चालतो पण जपून. आपल्याकडे चांगला लांब दांड्याचा गुलाब पुण्याकडून, तळेगाव-मावळच्या पॉलीहाऊसमधून येतो, रात्रभर प्रवास करून. आला की खोक्यातून सोडवून, दांडा तिरका कापून, खालची पानं काढून, स्वच्छ बादलीत चार-पाच तास गार जागी पाणी प्यायला ठेवायचाच. बहुतेक ठिकाणी हेच होत नाही, फुलं सकाळी येतात आणि डायरेक्ट मांडवाला लागतात. मग लोक म्हणतात उन्हानं गेली. उन्हानं जातात ती नंतर, आधी ती तहानेनं गेलेली असतात.

आता तुमच्या हातात जे आहे ते बघा. मुहूर्त गोरज आहे ना? मोगरा आणि निशिगंध ही दोन फुलं संध्याकाळीच उमलतात, वासही तेव्हाच सुटतो. सकाळी कळ्या घ्यायच्या, घट्ट, पांढऱ्या-हिरवट, त्या साडेपाच-सहाला तुमच्या डोळ्यांदेखत उघडतात. आणि मोगऱ्याचा सीझनच उन्हाळा आहे! पुण्या-मुंबईची माणसं डिसेंबरच्या लग्नात मोगऱ्यासाठी किती पैसे मोजतात, तुम्हाला तो मे मध्ये ताजा मिळतोय. पांढरं हवं ना, मग हे पांढरं घ्या. फुलांची चादर मोगऱ्याच्या सरांची करा, जाळीवर सर सोडून, ऑर्किडच्या चादरीपेक्षा वजनानेही हलकी होते, चार भावांचे हात दुखणार नाहीत.

फक्त एक, मोगऱ्यावर पाणी मारू नका. सगळे मारतात. ओला मोगरा तांबूस पडतो. कपडा भिजवून घट्ट पिळायचा, त्यात कळ्या गुंडाळायच्या, वरून केळीचं पान, आणि माठाशेजारी ठेवायचं.

अमळनेरकर_ताई

मी गेल्या मे मध्ये लग्न केलं, माझी चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही.

आम्ही ऑर्किड आणि कार्नेशन मागवली होती, पांढरी आणि फिकी गुलाबी, १८ हजारांची. आदल्या दिवशी दुपारी आली. ठेवायची कुठे? घरचा फ्रीज तर मिठाईनं भरलेला. माझ्या मामांच्या ओळखीचं सावद्याकडे केळी पिकवायचं चेंबर आहे, ते म्हणाले गार आहे, ठेवा की रात्रभर. सगळ्यांना वाटलं किती चांगली सोय झाली, आम्ही टेम्पो करून खोकी तिकडे नेली.

सकाळी उघडली तर कार्नेशन सगळी मिटलेली. सुकलेली नाही, पाकळ्या ओल्याच होत्या, पण आत वळून झोपल्यासारखी झाली होती, पाण्यात घातली तरी उघडली नाहीत. ऑर्किडच्या कळ्या खोक्यात तळाला गळून पडलेल्या, हात लावला की फूल गळायचं. मी हळदीच्या अंगानं तिथे खोक्याजवळ बसून रडले. मग माझ्या काकू, आत्या, शेजारच्या पोरी सगळ्या बसल्या आणि जे मिळालं त्याचं केलं, निशिगंध, आंब्याची पानं, शेवटी झालं छान, पण ते १८ हजार गेले आणि ती सकाळ गेली. पुरवणाऱ्याशी भांडणपण झालं, तो म्हणाला माल चांगला होता, आणि खरंच चांगला होता.

पुणे_व्हाया_भुसावळ

हे कसं काय झालं? चेंबर तर थंड असतं ना?

धुळ्याची_फुलवाली

थंडीचा दोष नाही हो, गॅसचा. केळी पिकवायला त्या चेंबरमध्ये इथिलीन सोडतात, आणि पिकणारी केळी स्वतःही तोच गॅस सोडते. केळीला जे पिकणं, तेच फुलाला म्हातारपण. कार्नेशन आणि ऑर्किड तर या गॅसला सगळ्यात नाजूक, कार्नेशन मिटतं त्याला आमच्या धंद्यात फूल झोपलं म्हणतात, ते परत जागं होत नाही. जिप्सोलाही, ती बारीक पांढरी फुलं असतात ना, त्यांनाही हाच त्रास. आपल्या रावेर-यावल-भुसावळ भागात घरोघरी केळी, खोलीत घड टांगलेला असतो, आंब्याची अढी असते, त्याच खोलीत लोक वरमाला ठेवतात. मे महिन्यात आंबाही पिकायला घातलेला असतो ना, तोपण तेच करतो. फुलं वेगळ्या खोलीत ठेवा, एवढं एक केलं तरी निम्मं काम झालं.

आणि घरच्या फ्रीजचं, गुलाब चालतो, ऑर्किड नाही. ते उष्ण भागातलं फूल, आपल्याकडे येतं ते बरंचसं थायलंडचं, फार गार झालं की डाग पडतात. फ्रीजमध्ये ठेवलंत तर भाजीच्या कप्प्यात फळं नाहीत ना ते बघा.

अमळनेरकर ताई, वाईट वाटलं वाचून. ही गोष्ट सांगितलीत त्याबद्दल खरंच आभार, दर वर्षी कुणीतरी हे करतंच.

चोपडा_शिवार

राम राम. मी शेतकरी आहे, केळी आणि थोडा झेंडू-निशिगंध. ताई, तुमच्या आईच्या झेंडूबद्दल थोडं बोलू का.

तुमचं लग्न मे च्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरलं तर आज तुमच्याकडे दोन महिने आहेत. झेंडूचं रोप लावल्यापासून पन्नास-साठ दिवसांत फूल देतं. घरचं शेत आहे म्हणालात ना (म्हणाला नाहीत, पण भुसावळजवळ गाव आणि मोकळी जागा म्हणजे असणारच असं धरतो), तर ठिबक असलेल्या तुकड्यात आठ-दहा सऱ्या आत्ताच लावून टाका, नर्सरीतून तयार रोपं आणा, बी टाकत बसू नका. उन्हाळ्यात फूल थोडं लहान येईल पण येईल. आणि रंग निवडा! सगळे केशरीच का लावतात? फिका पिवळा, लिंबाच्या सालीसारखा, असा झेंडू मिळतो, तो हिरव्या पानाशेजारी लावून बघा, तुम्हाला जो फिका-फिका फील हवाय तो येतो.

झेंडू आदल्या संध्याकाळी ओवला तरी चालतो, दुसऱ्या दिवशीही तसाच. मे मध्ये हा गुण फार मोठा आहे.

निशिगंध माझ्याकडे सिंगल आहे, म्हणजे पाकळ्यांची एकच ओळ, प्रज्वल जातीचा. सिंगल हारासाठी, वासाला जोरात. डबल फुलदाणीत दांडीसकट छान दिसतो पण वास कमी. दुकानदाराला नुसतं निशिगंध सांगितलं तर जे असेल ते देतो, म्हणून सिंगल की डबल ते सांगायचं. तोडणी पहाटे, ऊन वर यायच्या आत. तुम्ही चोपड्याहून घेणार असाल तर तापी ओलांडून तुमच्याकडे सकाळी आठ-नऊपर्यंत पोचतं, पुण्याच्या मालाला हे जमणार नाही.

तापीकाठची

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही, रात्री आईला आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. केळीच्या चेंबरची गोष्ट ऐकून बाबा उठून आत गेले आणि मागच्या खोलीत टांगलेला घड बघून आले. शेत आहे, बाबा उद्याच रोपं बघायला जातायत, लिंबू रंगाचा झेंडू, आईसुद्धा खूश आहे कारण शेवटी झेंडूच.

एक अडचण आहे. माझी मोठी आत्या म्हणते सगळं पांढरं मांडवात बरं दिसत नाही, लग्नघर आहे. ती वाईट बोलणारी नाही, तिनं मला लहानपणापासून सांभाळलंय, तिला दुखवून मला काही करायचं नाही. आणि मांडवाला, स्टेजला आधार कशाचा द्यायचा? डेकोरेटर फुलं खोचायला तो हिरवा स्पंज वापरतो ना, वीस फुटांच्या स्टेजला तोच दहा-बारा हजारांचा सांगितला.

आबा_धरणगाव

बेटा, मी तुले सांगस. आमना टाईमले डेकोरेशन नही व्हतं. मांडवले केयना खांब, आंबाना डहाया, जांभयना डहाया, बस. दुपारले त्या मांडवमा जो गारवा ऱ्हाये तो आते कूलर लाईसन बी नही. पयले सावली कर, मंग फुलं लाव. सावली शे तर फूल शे.

धुळ्याची_फुलवाली

आबांनी एका ओळीत सांगितलं. पत्र्याच्या किंवा पातळ कापडाच्या मांडवाखाली फुलं भाजतात, वर हिरव्या डहाळ्या टाकल्या की खालची हवा बदलते. मांडव डहाळ्यांचा करा, तोच तुमचा फोटोतला हिरवा बॅकग्राउंड.

स्पंजचं म्हणाल तर तो मी तीन वर्षांपूर्वी बंद केला. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, हातात चुरला की बारीक भुगा होतो आणि तो भुगा शेतात, नाल्यात जातो. तुमच्या गावात घरासमोर मांडव म्हणजे लग्नानंतर तो कचरा तुमच्याच उकिरड्यावर येणार आणि तिथून शेतात.

त्याऐवजी केळीचं खोड घ्या. घड उतरवला की खोड तोडूनच टाकतात, शेजाऱ्यांकडे मागितलंत तर ट्रॉली भरून देतील. त्याचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करायचे, आडवे ठेवायचे, वरून लोखंडी खिळ्यानं भोक पाडून दांडी खोचायची. खोड म्हणजे सगळं पाणीच, फुलाला दिवसभर ओलावा देतं. स्टेजच्या पुढच्या कडेला असे तुकडे ओळीनं लावले की त्यात निशिगंधाच्या दांड्या, गुलाब, पानं, काहीही उभं राहतं. मागे बांबूची जाळी.

पण चिकाचं नीट ऐका. केळीचा चीक कपड्याला लागला तर तपकिरी-काळा डाग पडतो आणि तो जातच नाही, साबण नाही, लिंबू नाही, काही नाही. तुकडे आदल्या दिवशी सकाळी तोडा, कापलेली बाजू खाली करून उतरत्या जागेवर चीक गळू द्या, मग पुसून दोन्ही टोकांवर केळीचंच सुकं सोपट (खोडाची साल) गुंडाळून बांधा. दिसायलाही सुंदर दिसतं, सोनेरी-तपकिरी. आणि लावणाऱ्या पोरांनी जुने कपडे घालायचे, नवरीच्या पैठणीच्या वाटेत खोडाची कापलेली बाजू कधीच येऊ द्यायची नाही.

आत्याचं बरोबर आहे असं मला वाटतं. नुसतं पांढरं उन्हात फिकट, रिकामं दिसतं. मोगरा-निशिगंध पांढरा, पानांचा हिरवा, झेंडूचा लिंबू-पिवळा. हे तीन रंग. हळदीचा रंग आला की आत्याला मांडव लग्नाचाच वाटेल. हवं तर आत्यालाच तोरणाचं काम द्या, त्यांच्या हातचं तोरण पहिलं बांधा.

फोटोवाला_जळगाव

लग्नाचे फोटो काढतो, म्हणून फक्त कापडाबद्दल. तुम्ही फुलांवर एवढा विचार करताय आणि मग मंडपवाला वर लाल-पिवळं कापड ताणणार, त्यातून दुपारचं ऊन खाली आलं की तुमचं पांढरं फूल फोटोत केशरी आणि नवरीचा चेहरा लाल. नंतर एडिटिंगमध्ये ते पूर्ण निघत नाही. मंडपवाल्याला आजच सांगा, वरचं कापड पांढरं किंवा मोतिया. बाजूचे पडदे काय हवे ते लावा. गोरज म्हणजे लग्न लागतं तेव्हा उजेड झपाट्यानं बदलतो, म्हणून दिवे पिवळसर उबदार एकाच रंगाचे ठेवा, त्या रंगीबेरंगी फिरत्या लाइट स्टेजवर नकोत, निळ्या लाइटखाली मोगरा राखाडी येतो.

आणि फुलं बघायची तर आत्ताच सातपुड्यात जाऊन या, रावेरकडच्या पालला जाताना पळस पेटलाय. प्री-वेडिंग करायचं असेल तर त्यासाठी दुसरं डेकोरेशन काय करायचं, झाडाखाली उभे राहा. महिना-दीड महिन्यानं गेलात तर बहावा मिळेल, पिवळे झुंबर. बहावा तोडून मांडवात मात्र आणू नका, पाकळ्या वाटेतच गळतात, मी एकदा माझ्या भावाच्या लग्नात आणला होता.

नंदुरबारची

फिका गुलाबी हवा असेल तर कण्हेर का नाही? हायवेच्या डिव्हायडरवर मे मध्ये नुसती भरलेली असते, फुकट.

धुळ्याची_फुलवाली

नको गं. कण्हेर सगळी विषारी, पान, फूल, चीक सगळं. गावाकडे माहीत आहे, जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. लग्नात लहान पोरं असतात, पंगत असते, कुणी ताटाभोवती सजावट म्हणून ठेवेल, कुणी पोरगं तोंडात घालेल. मी हात लावत नाही.

गुलाबी पाहिजे तर बोगनवेल. आपण जी फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, कागदासारखी कोरडी, म्हणून ती उन्हाला घाबरत नाहीत, उलट पाणी कमी आणि ऊन जास्त असलं की जास्त फुलते. फिकी गुलाबी, पांढरी, पीच, सगळे रंग मिळतात. तोडलेली फांदी मात्र मलूल होते, म्हणून कुंडीसकट आणायची. नर्सरीवाले कुंड्या दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं देतात, आठ-दहा मोठ्या कुंड्या एंट्रीच्या दोन्ही बाजूंना, कुंडीला सोपट नाहीतर सुती कापड गुंडाळायचं. लग्न झालं की कुंड्या परत. आणि सुटी फुलं टोपल्यांत भरून अक्षतांबरोबर पाहुण्यांना द्या, तांदूळ कमी वाया जातो आणि फोटोत उडताना फार देखणं दिसतं.

जामनेर_७

एवढं सगळं करण्यापेक्षा आर्टिफिशियल फुलं लावा की. सुकत नाहीत, भाड्यानं मिळतात, कुणाला कळत नाही. आमच्याकडे तेच केलं, काही अडलं नाही.

अमळनेरकर_ताई

तुमचं बरोबर असेल, पैसे वाचतात, आणि उंचावर जिथे हात पोचत नाही, पाणी देता येत नाही तिथे मी पण लावू देईन. पण माझ्या लग्नातलं आज मला काय आठवतं सांगू, लाजाहोमाला बसले तेव्हा समोरच्या खोडातला निशिगंध उमलायला लागला होता आणि होमाच्या धुरातून त्याचा वास येत होता. आता कुठेही निशिगंध दिसला तरी मी त्या पाटावर असते. हे कापडाच्या फुलानं झालं नसतं. वरमाला, गजरा आणि नवरा-नवरीच्या आसपास जे काही असेल ते तरी खरं ठेवा.

पुणे_व्हाया_भुसावळ

वरमालेबद्दल कुणी सांगेल का? बायको म्हणते जाड गुलाबाच्या पाकळ्यांचा हार हवा.

धुळ्याची_फुलवाली

पाकळ्यांचा हार मे मध्ये दोन तास. पाकळी देठापासून सुटली की तिला पाणी कुठून मिळणार, कडा काळ्या पडतात. आणि तो जड, घामानं मान ओली होते, पैठणीला रंगही लागतो. सिंगल निशिगंधाचा हार, मधे-मधे मोगऱ्याच्या कळ्यांचे गोंडे, खाली एकच गुलाब, असा करा. हार दुपारी तीननंतर करायला घ्या, पाचला तयार, पिळलेल्या कपड्यात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात. डब्यात बर्फ ठेवलात तर कागदात गुंडाळून, फुलाला चिकटून नको.

तापीकाठची

झालं हो लग्न! बारा दिवस झाले, पुण्याहून लिहितेय. सगळं सांगायचं होतं म्हणून वेळ घेतला.

लिंबू झेंडू ४५ व्या दिवशी पहिलं फूल दिसलं, बाबा रोज सकाळी बघून मला फोन करायचे, आज इतक्या कळ्या, आज इतक्या. लग्नाच्या आदल्या दिवशी घरचा ४० किलो निघाला, राहिलेला गावातल्याच एकांकडून घेतला. खोडं शेजारच्या काकांनी दोन ट्रॉल्या आणून टाकली, एक रुपया घेतला नाही. आदल्या रात्री अंगणात खाटा टाकून आत्या, मावश्या, माझ्या मैत्रिणी आणि त्याचे पुण्याचे चार मित्र, सगळे ओवायला बसलेले. त्या मुलांनी आयुष्यात सुई धरली नव्हती, आत्यानं शिकवलं, देठातून नाही, बोंडातून ओवायचं म्हणजे फूल फिरत नाही. बाराला लाइट गेली तरी कुणी उठलं नाही, मोबाइलच्या उजेडात ओवत होते आणि आत्या हळदीची गाणी म्हणत होती. ती रात्र मला लग्नाइतकीच आवडली.

चुका पण सांगते. गुलाब आम्ही थोडाच घेतला होता, स्टेजसाठी, त्याला चार तास पाणी पाजलं, पण लावताना कूलरच्या अगदी तोंडासमोर लावला, वाऱ्यानं दीड तासात पाकळ्या वाळल्या. कूलरचा गारवा हवा पण झोत नको हे नंतर कळलं. आणि एका भावाच्या नव्या कुर्त्याला चिकाचा डाग लागलाच, तो ओल्या टोकाला टेकून उभा राहिला.

मोगऱ्याची चादर. मी आतून निघाले तेव्हा कळ्या अर्धवट मिटलेल्या होत्या. आम्ही निघालो पावणेसहाला, मांडवात पोचलो, ओवाळणं वगैरे झालं, अंतरपाट धरला, आणि मंगलाष्टकं चालू असताना वास सुटला. मी मान खाली घालून होते, मला फुलं दिसत नव्हती, फक्त वास. अंतरपाटाच्या पलीकडून तो हळूच म्हणाला, आला का तुला? मला रडू आलं तेव्हा.

खर्च फुलांचा एकूण ५२ हजार, त्यात कुंड्यांचं भाडं, मोगरा, निशिगंध, गुलाब, बांबू, मजुरी सगळं आलं. खोडाचे तुकडे दुसऱ्या दिवशी बारीक करून शेतातच टाकले. झेंडूच्या माळा आईनं सोडवून बी काढायला सावलीत वाळत घातल्यात.

फुलवाली ताई, चोपड्याचे दादा, आबा, अमळनेरकर ताई, फोटोवाले दादा, तुम्ही कुणी मला ओळखत नव्हतात. आमच्या पहिल्या सणाला घरी या, खरंच या. आत्यानं विचारलंय, त्या धुळ्याच्या बाईंना वरणबट्टी आवडते का.

धुळ्याची_फुलवाली

आवडते हो, भरपूर तूप घालून. आत्याबाईंना नमस्कार सांगा. झेंडूचं बी घेताना एक, तुमचं रोप नर्सरीतलं संकरित असणार, त्याच्या बियाण्यातून लिंबू रंगच येईल असं नाही, काही केशरी निघतील. तरी लावा.

मेहरूण

आमचं पुढे ढकललं गेलं, आता तुळशीच्या लग्नानंतर, डिसेंबरच्या सुरुवातीला. मग मोगरा विसरायचा का? बहीण खूप नाराज आहे, तिनं हा धागा वाचून मोगराच ठरवला होता.

धुळ्याची_फुलवाली

डिसेंबरात मोगरा मिळाला तरी लांबून येतो, महाग आणि वासाला मरतुकडा. बहिणीला शेवंती दाखव. दिवस लहान झाले की तिला फूल येतं, थंडीत ती भरात असते, पांढरी, फिकी पिवळी, जांभळट गुलाबी. तिचे फिके रंग सगळे मिळतील, आणि आपल्याकडच्या थंडीत सकाळी लावलेली शेवंती दुसऱ्या दिवशीही टवटवीत. केसात माळायला अबोली-शेवंतीची वेणी. रंगाचं आत्ताच ठरवा आणि चोपड्याच्या दादांना विचारा, त्यांच्याकडे कुणी लावली असेल.

चोपडा_शिवार

मी नाही लावत, पण शेजारच्या शिवारात एकाकडे पांढरी आहे. किती किलो लागेल ते सांगा, त्याच्याशी बोलून उद्या कळवतो.